दिव्यांगांसाठी व्यवसाय पुनर्वसन सेवा: बडोद्यात त्यांचा उपयोग कसा करून घ्यावा

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर एक टक्केवारी छापलेली असते आणि बहुतेक घरांत पुढची सगळी चर्चा त्या आकड्याभोवतीच फिरत राहते. हा आकडा महत्त्वाचा आहेच. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असेल तरच सरकारी नोकरीतील आरक्षण, वयोमर्यादेतील सवलत आणि बहुतेक कर्जयोजना यांचा लाभ मिळतो. परंतु मकरपुऱ्यातील कारखानदार किंवा अलकापुरीतील एखाद्या कंपनीचा मनुष्यबळ अधिकारी त्या आकड्यावरून नेमणुकीचा निर्णय करू शकत नाही. उमेदवार सलग किती वेळ बसू शकतो, हातांची बोटे किती सफाईने चालतात, पडद्यावरचा मजकूर वाचता येतो की ऐकावा लागतो, यंत्रांच्या आवाजात दिलेल्या सूचना समजतात का, हे त्याला जाणून घ्यायचे असते. किती क्षमता गेली याच्या नोंदीपासून कोणते काम करता येईल याच्या वर्णनापर्यंत उमेदवाराला नेणे हे व्यवसाय पुनर्वसनाचे मुख्य काम आहे. पुढील मार्गदर्शन बडोदे शहर व जिल्ह्यातील मराठी कुटुंबे डोळ्यांपुढे ठेवून त्याच क्रमाने दिले आहे.

आधी कागदपत्रे, पण त्यांतच अडकून राहू नये

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला आणि त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य झाले. अंधत्व, कर्णबधिरता आणि हालचालींशी संबंधित दिव्यांगत्व यांच्याबरोबरच स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन यांचाही त्यात समावेश आहे. त्यामुळे ‘आमच्याकडे दिसण्यासारखे काही नाही’ असे म्हणून अर्जच न करणाऱ्या कुटुंबांनी ही यादी एकदा पाहून घ्यावी. १ जून २०२१ पासून प्रमाणपत्र यूडीआयडी (दिव्यांगांचे देशव्यापी विशिष्ट ओळखपत्र) पोर्टलवरूनच दिले जाते. अर्ज भरताना तपासणीसाठी रुग्णालय निवडावे लागते. शहरात राहणाऱ्यांना सयाजी हॉस्पिटल सोयीचे पडते. कार्डावरील पांढरा पट्टा ४० टक्क्यांपेक्षा कमी, पिवळा ४० ते ७९ टक्के आणि निळा ८० टक्के व त्यापुढील दिव्यांगत्व दर्शवतो. स्थितीत बदल होण्याची शक्यता असेल तर प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचे मिळते. अशा वेळी मुदत संपण्याच्या काही महिने आधीच फेरतपासणीचा अर्ज करावा, कारण भरतीच्या शेवटच्या तारखेला मुदत संपलेले प्रमाणपत्र हाती असेल तर पात्र उमेदवारही बाद होतो.

बडोद्यातील मराठी घरांत नावांची अडचण हटकून येते. गुजराती शाळेच्या दाखल्यावर ‘जाधव’चे ‘जादव’ झालेले असते, आधार कार्डावरील इंग्रजी स्पेलिंग तिसरेच असते आणि विवाहित मुलीच्या मधल्या नावात कुठे वडील तर कुठे पती असतो. यूडीआयडीचा अर्ज करण्यापूर्वी शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार कार्ड यांतील नाव व जन्मतारीख सारखी करून घ्यावी. नंतर दुरुस्ती करता येते, पण तिला वेळ लागतो आणि तो वेळ नेमका कागदपत्रांच्या पडताळणीतच अंगावर येतो.

सून नाशिकची किंवा जळगावची असेल आणि तिचे यूडीआयडी कार्ड महाराष्ट्रात निघाले असेल, तर येथे नवे काढण्याची आवश्यकता नाही. हे कार्ड देशभर चालते. त्यावरील पत्ता तेवढा बदलून घ्यावा. राज्याच्या योजना मात्र त्या त्या राज्यातील रहिवाशांसाठी असतात. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांनी सांगितलेली योजना येथे शोधत बसण्यापेक्षा गुजरात सरकारच्या ई-समाज कल्याण पोर्टलवर पाहावे किंवा जिल्हा समाज सुरक्षा कार्यालयात चौकशी करावी.

मूल्यमापनाचा टप्पा गाळू नये

केंद्रीय श्रम मंत्रालयाने १९६८ मध्ये मुंबई आणि हैदराबाद येथे पहिली व्यवसाय पुनर्वसन केंद्रे सुरू केली. पुढे इतर शहरांतही ती उभी राहिली आणि आता त्यांचे अधिकृत नाव ‘दिव्यांगांसाठी राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र’ असे आहे. जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘व्हीआरसी’ (व्होकेशनल रिहॅबिलिटेशन सेंटर) हेच नाव आहे. बडोद्याचे केंद्र दिव्यांग महिलांसाठी म्हणून चालवले जाते, आणि शहरातच अशी सोय असताना अनेक मराठी कुटुंबांना तिचा पत्ताही नसतो. पुरुष उमेदवारांनी अहमदाबादच्या केंद्राशी संपर्क साधावा. नावनोंदणी आणि मूल्यमापन यांसाठी शुल्क नाही. जाण्यापूर्वी दूरध्वनी करून दिवस ठरवून घेतला, तर तपासणी करणारे सर्व अधिकारी एकाच फेरीत भेटण्याची शक्यता वाढते.

तेथे प्रथम उमेदवाराची वैद्यकीय, शैक्षणिक आणि कौटुंबिक माहिती घेतली जाते. त्यानंतर मानसशास्त्रज्ञ बुद्धिमापन, कल आणि आवड यांच्या चाचण्या घेतात, बोटांचे व हातांचे कौशल्य पाहिले जाते आणि मग कार्यशाळेत प्रत्यक्ष काम देऊन उमेदवाराचा वेग, चिकाटी, अचूकता आणि सूचना समजण्याची रीत यांचे निरीक्षण होते. या सर्वांवरून उमेदवार लगेच नोकरीयोग्य आहे की त्याला आधी प्रशिक्षण हवे, कॅलिपर (पायाला आधार देणारा साचा), श्रवणयंत्र किंवा व्हीलचेअर यांसारख्या साधनाची सोय आधी करावी लागेल, की स्वयंरोजगाराचा विचार अधिक योग्य ठरेल, याचा निष्कर्ष काढला जातो. चाचणी म्हटले की अनेकांना परीक्षेसारखी धास्ती वाटते. परंतु येथे नापास होण्याचा प्रश्न नसल्यामुळे जे जमत नाही ते लपवण्यात काहीच लाभ नाही. उलट, पाठदुखी किंवा फिट्सचा त्रास लपवल्यास चुकीच्या कामाची शिफारस होते आणि तो त्रास नोकरी लागल्यानंतर उघडा पडतो.

मूल्यमापनाला जाताना घरीच एक पानभर टिपण तयार करावे. सरकारी पदांच्या जाहिरातीत प्रत्येक पदासाठी कोणत्या शारीरिक क्रिया आवश्यक आहेत ते सांकेतिक अक्षरांत दिलेले असते: बसणे, उभे राहणे, चालणे, वाकणे, वजन उचलणे, ओढणे-ढकलणे, गुडघे टेकून किंवा उकिडवे बसणे, बोटांनी हाताळणे, लिहिणे-वाचणे, पाहणे, ऐकणे आणि संवाद साधणे. हीच यादी समोर ठेवून प्रत्येक क्रियेपुढे काय होते, किती वेळ होते आणि कशाच्या मदतीने होते ते लिहावे. लहानपणी पोलिओ झालेल्या आणि डाव्या पायाला कॅलिपर लावणाऱ्या तरुणीने ‘लोकोमोटर, ५० टक्के’ एवढेच सांगितले तर समोरच्याच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी ‘दोन तास सलग बसून काम करते, एक जिना कठड्याला धरून चढते, पाच किलोपर्यंतचे वजन टेबलावरून उचलते पण घेऊन चालू शकत नाही, दोन्ही हात पूर्ण चालतात, मराठी, गुजराती आणि हिंदी लिहिता-वाचता येते’ असे लिहिले की तिच्यासाठी कोणती कामे शोधायची ते स्पष्ट होते. शेवटचे वाक्यही क्षुल्लक समजू नये. तीन भाषांत बोलता-लिहिता येणे ही बडोद्याच्या मराठी मुलामुलींना घरबसल्या मिळालेली पात्रता आहे आणि ग्राहक सेवा, स्वागतकक्ष किंवा रुग्णालयाची नोंदणी खिडकी येथे तिला मोल आहे.

सोबत जाणाऱ्या पालकांना एक विनंती: अधिकाऱ्याने प्रश्न उमेदवाराला विचारला असेल तर उत्तरही उमेदवारालाच देऊ द्यावे. बौद्धिक दिव्यांगत्व किंवा मानसिक आजार असलेल्या उमेदवाराबाबत काही सांगायचे असेल तर ते आधी लिहून द्यावे. मुलाखतीत आईच बोलत राहिली, तर मूल्यमापन तिचेच होते.

बाहेर पडताना अहवालाची लेखी प्रत किंवा निदान शिफारशीची नोंद मागून घ्यावी. कोणती शिफारस केली आणि का केली, हेही विचारावे. महिलांना शिवणकाम आणि अंध व्यक्तींना मेणबत्त्या किंवा अगरबत्ती सुचवण्याची जुनी सवय आपल्या समाजात इतकी मुरलेली आहे की ती कधीकधी कल चाचणीच्या निकालावरही मात करते. शिवणकामाची आवड असेल तर ते अवश्य शिकावे, परंतु बारावीत हिशेबात चांगले गुण मिळवणाऱ्या मुलीने संगणकीय लेखापालनाबद्दल विचारण्यात संकोच करू नये.

प्रशिक्षण कोठे आणि कोणते

शिफारस हाती आल्यावरच अभ्यासक्रम निवडावा. केंद्राच्या स्वतःच्या वर्गांखेरीज आयटीआयमध्ये दिव्यांगांसाठी राखीव जागा असतात, आणि केंद्र सरकारच्या पीएम दक्ष पोर्टलच्या दिव्यांगांसाठीच्या विभागात कौशल्य प्रशिक्षण व नोकऱ्या यांची माहिती एकत्र मिळते. दृष्टिबाधित उमेदवारांना अहमदाबादच्या वस्त्रापूर भागातील अंधजन मंडळाचा अनुभव उपयोगी पडतो. कोणत्याही संस्थेत प्रवेश घेण्यापूर्वी मागील तुकडीतील किती जणांना कोठे कामे लागली, हे विचारावे. प्रमाणपत्रांचे नमुने दाखवणारी पण या प्रश्नावर विषय बदलणारी संस्था टाळलेली बरी.

दृष्टिबाधित उमेदवाराने कोणताही अभ्यासक्रम घेण्याआधी स्क्रीन रीडरचा सराव करावा. एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर विनामूल्य असून ते मराठी आणि गुजराती मजकूरही वाचून दाखवते. साधनांसाठी केंद्र सरकारची एडीआयपी योजना आहे: मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असल्यास योजनेत ठरलेल्या मर्यादेत साधन पूर्ण सवलतीने मिळते, आणि त्यापुढे ३०,००० रुपयांपर्यंत निम्मी सवलत असते. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, तेव्हा तो आधीच काढून ठेवावा.

नोकरीचा शोध

नावनोंदणी दोन ठिकाणी करावी: केंद्र सरकारच्या नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टलवर आणि गुजरात सरकारच्या अनुबंधम् पोर्टलवर. दोन्हीकडे दिव्यांगत्वाची नोंद भरावी आणि वर सांगितलेले कामाचे वर्णन माहितीपत्रात चार-पाच वाक्यांत घालावे.

सरकारी आस्थापनांत किमान ४ टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव आहेत. अंधत्व व अल्पदृष्टी, कर्णबधिरता, आणि हालचालींचे दिव्यांगत्व (यात सेरेब्रल पाल्सी, बरा झालेला कुष्ठरोग, बुटकेपणा, स्नायुक्षय आणि ॲसिड हल्ल्यातील पीडित व्यक्ती येतात) यांना प्रत्येकी १ टक्का, आणि स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुदिव्यांगत्व यांना मिळून १ टक्का अशी विभागणी आहे. कोणती पदे कोणत्या प्रकाराला योग्य आहेत याची केंद्र सरकारची यादी ४ जानेवारी २०२१ रोजी प्रसिद्ध झाली असून तिच्यात ३,५६६ पदे आहेत. जाहिरात वाचताना केवळ राखीव जागांचा तक्ता पाहून थांबू नये. पदापुढील सांकेतिक अक्षरे आपल्या टिपणाशी ताडून पाहावीत. केंद्र सरकारच्या थेट भरतीत दिव्यांगांना वयात साधारणतः १० वर्षांची सवलत मिळते आणि परीक्षा शुल्क माफ असते. लेखनिक किंवा तासाला किमान २० मिनिटांचा जादा वेळ हवा असेल तर तो अर्जातच मागावा लागतो. मराठी माध्यमात शिकलेल्यांना हेही माहीत असावे की कर्मचारी निवड आयोगाची मल्टिटास्किंग स्टाफ परीक्षा आता मराठी आणि गुजरातीतही देता येते. रेल्वेचे विभागीय कार्यालय प्रतापनगरला आहे आणि कोयलीची रिफायनरी केंद्राच्या सार्वजनिक कंपनीची आहे, त्यामुळे केंद्राच्या जाहिरातींवर नजर ठेवणे बडोद्याच्या उमेदवाराला व्यवहारातही उपयोगाचे आहे.

खासगी क्षेत्रात आरक्षण नाही. तरीही कायद्याप्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचे असते, आणि २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेच्या धोरणात दिव्यांगांसाठी योग्य पदांची यादी, निवडीची पद्धत, पुरवल्या जाणाऱ्या सोयी आणि संपर्क अधिकाऱ्याची नेमणूक यांचा उल्लेख अपेक्षित असतो. अर्ज करताना ‘आपले समान संधी धोरण पाहावयास मिळेल काय’ अशी नम्र विचारणा करावी. उत्तर आले तर योग्य पद आणि योग्य माणूस दोन्ही कळतात; न आले तरी अर्ज कचऱ्यात टाकण्यापूर्वी तो दुसऱ्यांदा वाचला जातो. कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय, यासाठी सामान्य कामगाराची वेतनमर्यादा २१,००० रुपये असली तरी दिव्यांग कामगारासाठी ती २५,००० आहे. लहान कारखान्यातील लेखापालाला हे बहुधा ठाऊक नसते. ते उमेदवाराला ठाऊक असावे.

प्रत्यक्ष मुलाखतीत दिव्यांगत्वाचा विषय टाळण्याऐवजी तो स्वतःच दोन वाक्यांत काढावा आणि लगेच कामावर यावे: ‘मला ऐकू येत नाही, ओठांच्या हालचालींवरून गुजराती आणि मराठी समजते, सूचना लेखी किंवा व्हॉट्सॲपवर मिळाल्यास काम अडत नाही.’ नोकरीचे ठिकाण सावली, वाघोडिया किंवा हालोल बाजूला असेल तर कंपनीची बस कोठून निघते आणि तिच्या पायऱ्या चढता येतील का, हे होकार देण्यापूर्वीच पाहून यावे. जाण्यायेण्याची सोय न जमल्याने सुटणाऱ्या नोकऱ्या काम न जमल्याने सुटणाऱ्यांपेक्षा कमी नसाव्यात, असे मला वाटते.

कारखान्यातील अपघातानंतर

बडोद्याभोवतीच्या औद्योगिक वसाहतींत प्रेसखाली बोटे किंवा हात गमावलेले कामगार आहेत, आणि व्यवसाय पुनर्वसनाची माहिती त्यांच्यापर्यंत सर्वांत उशिरा पोहोचते. अपघाताची नोंद कारखान्याच्या अपघात नोंदवहीत झाली आहे आणि ईएसआयच्या शाखा कार्यालयाला लेखी कळवले आहे, याची खात्री घरच्यांनी पहिल्या काही दिवसांतच करावी. जखमी कामगार रुग्णालयात असताना हे काम भावाने किंवा मेहुण्याने हाती घ्यावे. कायमचे अपंगत्व राहिल्यास वैद्यकीय मंडळ कमाईच्या क्षमतेतील घट ठरवते आणि त्या प्रमाणात आयुष्यभर लाभ मिळतो. पुन्हा कामावर गेल्यास हा लाभ बंद होईल या भीतीने काही जण घरीच बसून राहतात, परंतु ही भीती निराधार आहे. नंतरच्या कमाईमुळे तो थांबत नाही. मंडळाने ठरवलेली ही टक्केवारी आणि यूडीआयडीवरील टक्केवारी या दोन वेगळ्या बाबी आहेत आणि एकीच्या कागदावर दुसरीचा लाभ मागता येत नाही.

कामावरील अपघातामुळे किमान ४० टक्के अपंगत्व आले असेल आणि वय ४५ च्या आत असेल, तर ईएसआयच्या व्यवसाय पुनर्वसन योजनेत पुनर्वसन केंद्रातील प्रशिक्षणाच्या काळात संस्थेचे प्रत्यक्ष शुल्क किंवा दिवसाला १२३ रुपये, यांपैकी जी रक्कम अधिक असेल ती मिळण्याची तरतूद आहे. रक्कम मोठी नाही. परंतु उजव्या हाताने यंत्र चालवणाऱ्या तिशीतल्या कामगाराला गुणवत्ता तपासणी, भांडार नोंदी किंवा संगणकावरील काम शिकून त्याच कारखान्यात परत जाता येते, आणि मालकाशी बोलणी करताना केंद्राच्या शिफारशीचा कागद नुसत्या विनवणीपेक्षा अधिक वजनदार ठरतो. ईएसआय लागू नसेल तर कामावरील अपघाताच्या नुकसानभरपाईच्या दाव्याबद्दल कामगार संघटनेचा किंवा वकिलाचा सल्ला घ्यावा.

स्वयंरोजगार

मूल्यमापनात स्वयंरोजगाराची शिफारस झाली असेल, तरच या वाटेने जावे. नोकरी मिळत नाही म्हणून काढलेले दुकान बहुधा कर्ज मागे ठेवून जाते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात दिव्यांग अर्जदाराला स्वतःचे ५ टक्के भांडवल घालावे लागते आणि शहरात २५, तर ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान मिळते. राष्ट्रीय दिव्यांगजन वित्त आणि विकास महामंडळाची कर्जे बँकांमार्फत मिळतात. गुजरातच्या श्री वाजपेयी बँकेबल योजनेची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करावी.

रुजू झाल्यानंतर

पहिल्या आठवड्यातच आवश्यक सोयींची मागणी लेखी द्यावी आणि तिच्या प्रतीवर पोच घ्यावी. मागणी नेमकी असावी: तळमजल्यावरील टेबल, पाय लोंबकळणार नाहीत अशी खुर्ची, स्क्रीन रीडर, धोक्याच्या भोंग्यासोबत लुकलुकणारा दिवा, औषधाच्या वेळेला दहा मिनिटांची सुट्टी. यांतील बऱ्याच गोष्टींना खर्च नाममात्र असतो, हे मागणीतच नमूद करावे. सरकारी आस्थापनेवर अशा वाजवी सोयी पुरवण्याचे कायदेशीर बंधन आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आले तर सरकारी आस्थापना कर्मचाऱ्याला कामावरून कमी करू शकत नाही किंवा त्याचा दर्जा घटवू शकत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते.

मागणीकडे दुर्लक्ष झाले, तर सरकारी आस्थापनेत आधी तेथील तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावे. दाद न मिळाल्यास दिव्यांग व्यक्तींसाठीच्या राज्य आयुक्तांकडे अर्ज करता येतो. केंद्र सरकारच्या कार्यालयाविरुद्धची तक्रार मुख्य आयुक्तांकडे करावी लागते. आयुक्तांनी शिफारस केल्यावर संबंधित प्राधिकरणाने तीन महिन्यांत केलेली कार्यवाही कळवायची असते आणि शिफारस मान्य नसल्यास त्याची कारणेही त्याच मुदतीत द्यायची असतात. या अर्जासोबत पोच घेतलेली मागणीची प्रत, यूडीआयडी कार्डाची छायाप्रत आणि केंद्राचा मूल्यमापन अहवाल जोडावा. तक्रार शक्यतो गुजरातीत किंवा इंग्रजीत लिहावी, आणि घरात ते कोणाला जमत नसेल तर केंद्रातील अधिकाऱ्यांकडून मसुदा तपासून घ्यावा.